चर्चच्या तोंडाची मशीद

“यावर कोणाचा विश्वास बसणार नाही. माझा स्वतःचा बसायला निम्मं आयुष्य गेलं,” परांचीवरून उतरता उतरता मुफ्ताऊ म्हणाला. खाली जमलेल्या मशिदीच्या पंचांपैकी एकही हसला नाही.

एरवी पोर्तो-नोव्हो शहराच्या त्या मोहल्ल्यात म्हाताऱ्या मुफ्ताऊनं तोंड उघडायचा अवकाश, लोक हातातलं काम टाकून हसायला तयार असत. आज मशिदीच्या पायरीशी घण टेकवून ठेवला होता आणि त्याच्या शेजारी घणवाला शेंगदाणे खात बसला होता. दुपारचा नमाज झाला की मशिदीचं तोंड, म्हणजे रस्त्याकडची दर्शनी भिंत, पाडायचं ठरलं होतं.

तोंडच तसं होतं म्हणा. मुफ्ताऊचा आजा समुद्रापार ब्राझीलमध्ये गुलाम म्हणून राबला आणि मालकाची चर्चं बांधता बांधता गवंडी झाला. सुटून मायदेशी आला तेव्हा नमाज त्याच्या ओठांवर होता, पण हाताला मशीद ठाऊक नव्हती. हाताला जे येत होतं तेच त्यानं बांधलं. घंटेचे दोन मनोरे उभे केले, फक्त घंटा टांगली नाही. दारावर संताच्या मूर्तीचा कोनाडा ठेवला, त्यात कबुतरं राहायला आली. पिवळ्या भिंतीवर चुन्याच्या पांढऱ्या वेली चढवल्या. कहर म्हणजे चर्चच्या सवयीनं त्यानं इमारत रस्त्याला सरळ तोंड करून बसवली आणि मक्केची दिशा निघाली कोपऱ्यात! तेव्हापासून तिथं नमाजाच्या रांगा तिरप्या लागतात. परका माणूस समोरच्या भिंतीकडे बघून उभा राहिला, की शेजारचा त्याचे खांदे धरून हळूच वळवतो. ज्याला वळवावं लागत नाही तो मोहल्ल्यातला.

त्या वेली दर पावसाळ्यात झडत आणि दर कोरड्या हंगामात मुफ्ताऊ त्या पुन्हा फुलवी. शिंपल्या भाजून चुना करी, पाकळी न् पाकळी बोटांनी वळवी. “इतका हात माझ्या गालावरून फिरवला असतास, तर मी कधी म्हातारीच झाले नसते,” असं त्याची बायको म्हणायची. ती गेली. आता त्याच्याकडे भिंतच तेवढी उरली होती.

सकाळपासून त्याच्या पायाला थारा नव्हता. दोनदा परांची चढला, दोनदा उतरला. चहा ओतला आणि प्यायचा विसरला. शेवटी गल्लीच्या टोकाला चर्चजवळ राहणाऱ्या अमान्सियोकडे गेला. अमान्सियो ख्रिस्ती गवंडी. दोघांचे आजे एकाच जहाजातून उतरलेले. चर्चसुद्धा त्या दोन आज्यांनीच मिळून बांधलेलं, म्हणून तर चर्चच्या खिडक्यांना या मशिदीसारख्याच जाळ्या होत्या. अमान्सियो जन्मात खोटं बोलला नव्हता. भजीवालीच्या बाकावर बसून मुफ्ताऊच्या प्रत्येक गोष्टीला “खोटं!” म्हणून ओरडायचं, हेच त्याचं म्हातारपणीचं काम.

“आजच्या दिवस गप्प बस,” मुफ्ताऊ म्हणाला. “पाया पडतो तुझ्या.”

“तू गप्प बस की. म्हणजे मलाही बसता येईल.”

“भिंत पाडतायत रे, लेका.”

अमान्सियो हत्यारांच्या पिशवीचं तोंड बराच वेळ बांधत राहिला.

आणि आता तो गर्दीच्या मागे, कडेला उभा होता.

“बाबा, काय ते लवकर सांग,” पंचांचे प्रमुख अल्हाजी रैमी म्हणाले. “पाहुणे येतात आणि चपला काढायच्या आधी विचारतात, पाद्री कुठं भेटतील? किती वर्षं ऐकून घ्यायचं?”

“सांगतो, अल्हाजी. माझा आजा परतीच्या जहाजावर चढला तेव्हा त्याच्या काखेत एक मडकं होतं. कप्तान म्हणाला, फेक समुद्रात. फेकलं, तर जहाज जागचं हलेना! शिडं वाऱ्यानं फुगून ढोल झाली, पण जहाज आपलं तिथंच. शेवटी कप्तानानं स्वतः बुडी मारून मडकं वर काढलं.”

“काय होतं त्यात?”

“माती. जे तिकडंच मेले, त्यांच्या थडग्यांवरची. एकेकाची एकेक मूठ.” मुफ्ताऊनं वर वेलींकडे बोट केलं. “ती सगळी या वेलींच्या चुन्यात कालवलीय; झडलेला चुना मी दरसाल नव्यात मळतो. प्रत्येक फुलात आपलं एक माणूस आहे, अल्हाजी.”

भजीवालीनं डोक्याच्या फडक्याचं टोक तोंडाला लावलं. “माझ्या पणजीची बहीण तिकडंच राहिली,” ती पुटपुटली.

अल्हाजींनी भिंतीकडे पाहिलं, मग मुफ्ताऊकडे. “बाबा, मागं सरोवरातली मगर तुझ्याकडून थापी उसनी घेऊन गेली होती. आठवतंय?”

लोक हसले. घणवाल्यानं शेंगदाण्याची टरफलं झटकली.

“तू सांग, अमान्सियो,” अल्हाजी म्हणाले. “तुझ्या तोंडून खोटं निघत नाही.”

सगळ्या माना मागे वळल्या. मुफ्ताऊच्या तळहातावरचा चुना वाळत चालला होता. तो नुसताच मळत राहिला.

“खोटं!” अमान्सियो नेहमीसारखा कडाडला. “साफ खोटं!”

घणवाला उठला.

“याचा आजा रिकाम्या हातानं उतरला,” अमान्सियो मुफ्ताऊकडे न बघता म्हणाला. “मडकं माझ्या आज्याचं होतं. अर्धी माती आमच्या चर्चच्या भिंतीत आहे, अर्धी इथं. म्हणून सांगतो, हात लावायचा तर आधी आम्हाला विचारा.”

घणवाला हळूच खाली बसला. अल्हाजींनी डोक्यावरची टोपी काढली आणि पुन्हा घातली.

मुफ्ताऊच्या ओठांवर एक शब्द आला होता, अमान्सियोकडून रोज बाकावर ऐकलेला. तो त्यानं गिळला, चुन्यावर पाणी शिंपडलं आणि परांची चढू लागला.