तोड्याशिवाय

झुंबरबाईची कापली होती टाच, आणि दुखत होती गुडघ्याखालची बाहेरची बाजू. हेच कुणाला पटेना.

आषाढात निंदताना कापसाच्या पराटीचं जुनं खुंट तिच्या टाचेत घुसलं आणि आतच मोडलं. पाय पिकला, तसं नवऱ्याने, पितांबरने, तिला दोंडाईच्याहून मोटारीने धुळ्याच्या दवाखान्यात नेलं. सोबतीला सासू, ताईबाई. डॉक्टरांनी मांडीच्या मागे सुई टोचली. पाय लाकडासारखा बधिर झाला, मग टाच चिरून तुकडा काढला. झुंबरबाई जागीच होती, तोंडाने देवीचं नाव चाललं होतं.

"रात्रीतून पाय जागा होईल," डॉक्टर म्हणाले.

जागा झाला तो विंचू डसल्यासारखा. टाच गप्प, आणि गुडघ्यापासून पावलापर्यंत बाहेरच्या अंगाने नुसती आग. पाऊल वर उचलेना, चालताना जमिनीवर फटफट आपटे.

टाके काढताना डॉक्टरांनी मान हलवली. "चीर छान भरली आहे बाई. सुईचा असर केव्हाच उतरला. मनातली भीती काढा."

"भीती नव्हतीच, साहेब. पाय दुखतो," झुंबरबाई हळूच म्हणाली. तिचा आवाज कधी चढत नसे. पण ती म्हणाली.

घरी ताईबाईकडे उत्तर तयार होतं. "देवी कोपनी व तुन्यावर! तुळशीले पाणी न घालता सुई टोची लिधी ना!"

नेम तर मोडलाच नव्हता. दवाखान्यात तुळस नव्हती, पण पदराच्या गाठीत तुळशीचं पान होतं. त्यावर पाणी सोडल्याशिवाय झुंबरबाईने तोंडात थेंब घेतला नव्हता. ते तिने सांगितलं. सासूने ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि निकाल दिला, "यंदा कानबाई कुंदाच लई जाई."

कुंदाबाई धाकटी जाऊ. श्रावणात घरी बसवलेल्या कानबाई देवीला डोक्यावर घेऊन नदीवर बोळवायला जायचा मान घरच्या थोरल्या सुनेचा. तो काढून घेणं म्हणजे गावासमोर सांगणं, की हिच्यावर देवीची नजर राहिली नाही. पायाच्या आगीपेक्षा ती आग मोठी होती.

श्रावण लागला. एका सकाळी न्हाणीत पायाला तेल चोळताना झुंबरबाईचं बोट थबकलं. गुडघ्याखाली, दुखतं तिथेच, काळपट ठिपक्यांची कमान होती. ठिपके ओळखीचे वाटले. पाय सुजला म्हणून काढून ठेवलेले चांदीचे तोडे तिने पेटीतून काढले, एक कातडीवर टेकवला. दाण्याला दाणा बसला.

ती तशीच फरफटत ओट्यावर गेली. ताईबाई कानबाईच्या नैवेद्याच्या रोटांचे गहू पाखडत होती. दारात पितांबर विडी ओढत होता.

"आत्याबाई, हाऊ तोडा मना गुडघाखाले कोनी बांधा?"

सूप थांबलं. ताईबाईने गव्हातच पाहून सांगितलं, "मी बांधा, रातले. घरथून संगे आणेल व्हता. सवाशीनना पाय नागडा ठेवतस का? मना पोराना जीवले काही व्हयनं असतं तं? टाचले पट्टी व्हती, म्हनून वर चढावा, नाडा बांधीसन आवळा. सकाय डॉक्टर येवाना आगोदर सोडी लिधा. तुले समजनं बी नही."

"बधिर मना पाय व्हता, आत्याबाई. तुम्हना हात नव्हतात."

मग पितांबर विडी विझवत म्हणाला, "मना जीव काय तोडामा शे, माय? मी तं आठे जिता उभा शे."

"तू गप रे!" ताईबाईचा हट्ट सुटला नव्हता. "बरं, घाल आते तोडे. तोडे घालीसन कानबाई लई जाय. मी काही बोलसू नही."

मान परत मिळत होता. फक्त पाय पुढे करायचा होता. झुंबरबाईने दोन्ही तोडे सासूसमोर गव्हाच्या सुपात ठेवले.

"घालसू नही. देवी माले वळखस, तोडाले नही. कानबाई मीच लई जासू."

सोमवारी वाजंत्री लागली. नारळाची शृंगारलेली कानबाई डोक्यावर घेऊन झुंबरबाई उंबऱ्याबाहेर पडली. उजवं पाऊल फट, फट आपटत होतं. बाया फुगड्या सोडून तिचे मोकळे घोटे बघू लागल्या.

"काय व झुंबर, पायमा तोडा नही?" शेजारची सुगंधाबाई सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडली. "देवीले बी लाज वाटी!"

"देवी मना डोकावर शे, अक्का. तिले लाज वाटती तं ती उतरी जाती."

नदीच्या उतारावर आग मांडीपर्यंत चढली. कुंदाबाईने हात पुढे केला. झुंबरबाईने मान हलवली, आधी चांगला पाय टाकला, मग दुखरा ओढून घेतला, आणि तशीच पाण्यात उतरली. डोक्यावरच्या नारळाला धक्का लागला नाही.

मागे काठावर ताईबाई तोडे पदरात बांधून उभी होती. तिने ते बाहेर काढले नाहीत.