पान्यावरचं वजन

आमच्या ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाला पाच नट होते आणि पाचांचे तोंडवळे वेगळे. मुळात चौकोनी, मुठीएवढे, बुडाशी निमुळते. चाकाच्या भोकात शंकूसारखे रुतून बसणारे. पण पाना घसरून घसरून कुणाचा कोपरा झिजलेला, कुणाची कड दुमडलेली. बाजारातला एकही पाना त्यांना धड बसत नसे. शेवटी ह्यांनी स्वतःच भट्टीत तापवून एक घडवला. तोही ह्यांनी धरला तरच बसायचा.

नटांना ह्यांनी नातेवाइकांची नावं ठेवली होती. मामा, मावशी, मेहुणा, साडू आणि सगळ्यांत हट्टी ती आत्याबाई. मी एकदा विचारलं, “माझ्या नावाचा कुठला?” तर म्हणाले, “तू कशाला नट होतेस? तू वजन.”

ते खरंच होतं. नट आवळायचे तर पान्याच्या दांड्यावर लांब पाइप चढवायचा. हे नटावर पाना दाबून धरणार आणि मी मडगार्डला धरून पाइपच्या टोकावर उभी राहणार. नट आधी कर्र करायचा, मग एकदाच टक. “हां, बास! उतर गं.” जड माणूस चढला तर बोल्टच तुटायचा, हलका चढला तर नट सैल राहायचा. माझं वजन अगदी बेताचं. बाळंतपणानंतर मी जरा सुटले आणि एक बोल्ट तुटला, तर ह्यांनी कितीतरी दिवस माझ्या ताटावर डोळा ठेवला होता. शेजारी हसायचे, “बायको केलीत की वजनमाप आणलंत?” मला राग यायचा नाही. त्या पाइपवर उभी असताना ह्यांच्या डोक्यावरचा भोवरा मला वरून दिसायचा. एरवी एवढ्या उंच माणसाचा भोवरा कोण बघणार?

पुढे ह्यांची आठवण विरत गेली. आधी वस्तूंची नावं गेली, मग रस्ते, मग माणसं. माणसांत मी सगळ्यांत शेवटी गेले. जन्मभर मला ‘अगं’ म्हणणारा माणूस एका सकाळी माझ्या हातून चहाचा कप घेताना म्हणाला, “तुम्ही कशाला त्रास घेतलात, बाई?” इतक्या अदबीनं, की त्यापेक्षा खेकसले असते तर बरं वाटलं असतं.

ट्रॅक्टर मात्र ओळखायचे. रोज शेडमध्ये खुर्ची टाकून त्याच्यासमोर बसायचे.

लेकीनं आम्हा दोघांना तिच्याकडे न्यायचं ठरवलं. तिच्या तिसऱ्या मजल्यावर ट्रॅक्टर कुठे ठेवणार? जुनी यंत्रं जमवणारा एक गृहस्थ तो घ्यायला तयार झाला. मी नाही म्हटलं नाही. माझ्या मनात एकच होतं. ट्रॅक्टर जायच्या आधी ह्यांनी मला एकदा ‘अगं’ म्हणावं. त्यांच्या ओळखीचं एवढंच तर उरलं होतं. त्याच्या आडून माझी ओळख लागली तर लागली.

गृहस्थ लॉरी घेऊन आला. चांगला आडवातिडवा माणूस. पंक्चरपायी काढून ठेवलेलं चाक त्यानं जॅक लावून चढवलं आणि नटांपाशी येऊन थबकला. एकेक पाना लावून बघितला, घाम पुसला.

“काकू, हे नट आहेत की बटाटे?”

तेवढ्यात हे खुर्चीतून उठले. खिळ्यावरचा स्वतःचा पाना काढला आणि म्हणाले, “आधी मामा. मग समोरची मावशी. शेजारशेजारचे आवळले तर चाक वाकडं बसतं.”

लेकीनं माझा दंड घट्ट धरला. सगळं होतं! नावं, क्रम, सगळं. मामा आठवतो, मावशी आठवते, मग मी कुठे जाते?

त्या गृहस्थानं पाइपवर पाय ठेवला मात्र, हे ओरडले, “अहो, हत्ती चढवू नका! बोल्ट जाईल. आमची ही येऊ दे.”

मी पुढे झाले. मडगार्डला धरून पाइपवर चढले. गेल्या काही वर्षांत मी पार वाळून, वाकून गेलेय, ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मामा गप्प. ना कर्र, ना टक.

“उतरा, बाई,” हे समजुतीनं म्हणाले. “तुम्हाला नाही जमायचं. आमची येईल एवढ्यात.”

“बाबा, अहो आईच आहे ती!” लेक म्हणाली.

ह्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. “असेल, तुझी आई असेल,” म्हणाले. “पण मला आमची ही हवी.”

लेक काही बोलणार होती. मी तिला खुणेनंच गप्प केलं आणि घरात गेले. ह्यांचा कामाचा जुना कोट अंगात चढवला. एका खिशात लोखंडी खलबत्ता कोंबला, दुसऱ्यात कोळशाची इस्त्री. डोळ्यांना मी ओळखू येत नसेन, पण पाना तर त्यांच्या हातात होता. हाताला कळेल.

मला तशी डुलत येताना पाहून लेकीला हसू फुटलं आणि मग तिनं तोंड फिरवलं.

मी चढले. मामा कर्र करून टक बोलला. मग मावशी, मेहुणा, साडू. ह्यांचं डोकं माझ्या पायांशी वाकलेलं; भोवऱ्यापाशी आता केसच नव्हते. आत्याबाईनं नेहमीसारखा हट्ट केला, मी टाचांवर भार दिला, आणि तीही बसली. ह्यांचा हात पान्यावर तसाच राहिला. काहीतरी ऐकत असल्यासारखा. मी पाइपवरच उभी.

“हां, बास,” ते म्हणाले.

आणि मान वर करून हसले. “वा, बाई! अगदी आमच्या हिच्याइतकं वजन आहे तुमचं.” मग आवाज खाली आणून म्हणाले, “तिला मात्र सांगू नका हं. हे काम दुसऱ्या कुणाकडून करून घेतलेलं तिला खपायचं नाही. मनाला लावून घेईल.”

“नाही सांगणार,” मी म्हणाले आणि त्यांचा हात धरून खाली उतरले.

ट्रॅक्टर लॉरीवर चढला, लॉरी गेली. लेक आत सामान बांधायला गेली. हे फाटकाशी उभे राहिले, रस्त्याकडे बघत.

“कुणाची वाट बघताय?” मी विचारलं.

“आमच्या हिची. यायला हवी होती एव्हाना.”

“दिसायला कशी आहे हो ती?”

ते सांगायला गेले आणि अडले. कपाळाला आठ्या घालून बराच वेळ शोधत राहिले. मग ओशाळून हसले आणि तळहात आपल्या खांद्याच्या उंचीला आडवा धरला. “एवढी,” म्हणाले.

मी त्या हाताखाली जाऊन उभी राहिले. हात माझ्या डोक्याला टेकला नाही; दोन बोटं वरच राहिला.