मामाची मांडी

बायको सुगंधा गेली हे मुंजाबाला शेंद्र्याला, कंपनीच्या गेटावर कळलं. फोन आत न्यायला बंदी होती. पाळी सुटल्यावर त्यानं वॉचमनकडून फोन घेतला, तर तो वाजतच होता. पलीकडून शेजारी म्हणाला, "घरी या, पण दमानं या." दमानं या म्हटलं की माणसाला जे कळायचं ते कळतंच. कावीळ महिनाभर तिच्या अंगात मुरत होती.

गारखेड्याच्या खोलीपुढं बाया रडत होत्या. तेवढ्यात टँकर आला. त्या दुष्काळात टँकर म्हणजे देवापेक्षा मोठा पाहुणा. रडणं तिथंच ठेवून बाया हंडे आणायला उठल्या. मुंजाबाला त्याचं काही वाटलं नाही, सुतकातही तहान लागतेच. पण टँकर आत येईना, कारण गल्लीच्या तोंडाशी हनुमानची पांढरी गाडी उभी होती.

हनुमान म्हणजे सुगंधाचा धाकटा भाऊ. त्याच्या बापानं शेंद्र्याच्या माळावर जन्मभर मेंढरं चारली. कारखाने आले, माळाला सोन्याचा भाव आला, आणि पोरगा माळाचे तुकडे पाडून प्लॉट म्हणून विकायला लागला. गळ्यात साखळी आली, बोटांत अंगठ्या आल्या. अक्कल तेवढी यायची राहिली.

"गाडी काढा की सायेब!" टँकरवाला ओरडला.

"माणूस गेलंय इथं. दिसत नाय का?"

"मंग मागच्या गल्लीत जातो. तिथं जित्ती माणसं हायेत."

बाया हनुमानच्या अंगावर धावल्या तेव्हा तो उठला. बहीण आत निजलेली, आणि हा आरशात बघत, ओरखडा पडू नये म्हणून गाडी इंचाइंचानं मागं घेत होता. मुंजाबानं तेव्हाच ठरवलं, ह्याचं तोंड पुन्हा बघायचं नाही.

तेरावं झालं, पाहुणे पांगले. जाताना प्रत्येकानं एकच सल्ला दिला, "पोरांना कुठं फिरवून आणा, मन रमंल." सल्ल्याला तिकीट लागत नाही. पोरांना ठेवून घ्यायचं मात्र कुणी बोललं नाही.

पोरांना फिरवायचं काम सुगंधाचं होतं. सुट्टी लागली की दशम्या, चटणी आणि पाण्याची बाटली पिशवीत टाकून ती दोघांना घेऊन एसटीत बसायची. कधी पैठण, कधी खुलताबाद. मुंजाबा रात्रपाळीची झोप काढत पडायचा. तिचा एक नवसही राहिला होता. धाकट्या आदिनाथच्या वेळी ती अंथरुणाला खिळली होती. पोर धड झालं तर वेरूळला नेऊन जावळ काढीन, असं ती बोलली होती. जावळ काढायचं ते पहिल्या, तिसऱ्या नाहीतर पाचव्या वर्षी, मामाच्या मांडीवर. पहिल्या वर्षी मुंजाबाला सुट्टी मिळाली नाही. तिसऱ्या वर्षी मेव्हण्याशी भांडण झालं. आता पाचवं संपायला महिना उरला होता.

हनुमानचा फोन आला होता. "दाजी, गाडी घेऊन येतो. एसीत जाऊ सगळे."

"आम्हाला एसटी हाय," म्हणून मुंजाबानं फोन ठेवला.

रविवारी तो सात वर्षांच्या ज्ञानेश्वरीला आणि आदिनाथला घेऊन स्टँडवर गेला. वेरूळवरून जाणारी कन्नडची गाडी लागली, तसा त्यानं लोकांसारखा खिडकीतून रुमाल टाकून जागा धरली. आत गेला तर त्या जागेवर एक जाडजूड गृहस्थ त्याच रुमालानं घाम पुसत बसले होते. शेवटी गोजरबाई नावाच्या म्हातारीनं सरकून जागा दिली आणि आदिनाथला मांडीवर घेतलं. तीही वेरूळलाच निघाली होती.

कंडक्टरनं आदिनाथच्या दोन वेण्यांकडं बघितलं. "दोन्ही पोरीच का?"

"पोरगं हाय त्यो. जावळ हाय ते."

"बाईमाणूस न्हाई संगं? बायांना अर्धंच तिकीट हाय आता."

"तिला तिकीट लागत नाय," मुंजाबा म्हणाला. कंडक्टर पुढं सरकला.

गोजरबाईनं विचारलं, "जावळाला निघालात, अन् मामा कुठाय?"

"मामाचं काय काम? केस पोराचे, वस्तरा न्हाव्याचा."

"मांडी मामाची लागती, बाबा."

"मांडी मलाबी हाय."

"हाय की. पण बापाची मांडी रोजचीच असती."

दौलताबादच्या दरवाज्यात गाडी अडकली. समोरून आलेला कारवाला मागं हटेना. एवढ्याशा वेशीतून सगळ्या जगाला एकदम जायचं असतं. पाण्याची बाटली मुंजाबा घरीच विसरला होता. घाटात आदिनाथ ओकला आणि त्यासाठी पिशवीही नव्हती. गोजरबाईचं लुगडं भरलं. तिनं आधी पोराचं तोंड पुसलं. जाडजूड गृहस्थ मात्र बोलले, "पोरं सांभाळता येत नाय तर निघावं कशाला?" मुंजाबा म्हणाला, "माझा रुमाल द्या इकडं, पुसायचंय."

वेरूळला देवळाबाहेर झाडाखाली न्हावी बसला होता. मुंजाबा पोराला मांडीवर घेऊन त्याच्यापुढं बसला.

"मामा?" न्हाव्यानं वस्तरा उचललाच नाही.

"नाय."

"लांब असंल तर मानलेला चालतो. आमचा फकिरा हाय. नारळ-टोपी दिली की कुणाचाबी मामा होतो." टपरीवरून फकिरा बिडी विझवत उठलासुद्धा. देवाच्या दारात मामाही भाड्यानं मिळतो म्हणजे कमाल झाली.

"सख्खा असताना मानलेला चालत नाय," गोजरबाई मध्येच म्हणाली. "सख्खा हाय का नाय ते सांग."

"नाय! मेला याचा मामा. बसव तुझ्या फकिराला."

ज्ञानेश्वरी शेजारी उभी होती. मेला म्हणजे काय हे तिला नुकतंच कळलं होतं. ती इतक्या जोरात ओरडली की रांगेतली माणसं वळली.

"मामाबी मेला? आबा, मामाबी?"

तिचं बघून आदिनाथनं भोकाड पसरलं. मुंजाबा म्हणाला, "नाय गं, गंमत केली." पोरगी ऐकेना. आई गेली तेव्हाही सगळे आधी 'काही नाही' म्हणाले होते. शेवटी त्यानं हनुमानला फोन लावून तिच्या कानाशी धरला.

"मामा, तू मेलास का?"

"नाय गं माझी बाय, जेवतोय मी. कोण म्हणलं आसं?"

"आबा म्हणले. जावळ काढताना."

"आबाला दे."

मुंजाबानं फोन घेतला.

"दाजी," हनुमान म्हणाला, "मेलेल्या माणसाची मांडी कशी मिळंल?"

फोन ठेवायचं दोघांपैकी कुणालाच सुचलं नाही. 'ये' एवढं एक अक्षर बोलायचं होतं. ते मुंजाबाच्या तोंडातून निघालं नाही.

"बोलावलं तर येतो मी," हनुमान म्हणाला. "आपण होऊन आता येणार नाय." फोन बंद झाला.

मुंजाबानं फकिराला खूण केली. पण न्हाव्यानं वस्तरा पेटीत टाकला. "जित्त्या मामाला मारून जावळ काढायचं व्हय? दुसरा न्हावी बघा."

गोजरबाईनं पोरांना आपल्यातली भाकरी दिली. मुंजाबाला दिली नाही.

येताना गाडीत गर्दी होती. तो उभ्यानं आला, आदिनाथ खांद्यावर झोपला. ज्ञानेश्वरी बापाचा हात सोडून दांडा धरून उभी होती.

त्याला पंधरा दिवस झाले. हनुमानला अजून 'ये' म्हणायचं राहिलंय, म्हणून आदिनाथचं जावळ काढायचं राहिलंय.