खालचं बटण

फोन जुना होता, पण माझी त्याच्याबद्दल काही तक्रार नव्हती. कोपऱ्यात काच तडकलेली, पाठीला चिकटपट्टी, तरी वेळेवर ओरडायचा. आमच्या घरात वेळेवर ओरडणारे आम्ही दोघंच, मी आणि तो.

तो ओरडायचा ह्यांच्यासाठी. ह्यांच्या दंडावर नाण्याएवढी एक चकती चिकटवलेली असते. ती रक्तातली साखर बघत राहते आणि फोनला कळवते. साखर सत्तरच्या खाली आली की फोन असा कोकलतो की खाली रस्त्यावरची माणसं वर बघतात. मग मी ह्यांना साखरेचं पाणी पाजायचं, दहा मिनिटं बसवायचं आणि पुन्हा कामाला सोडायचं. इतरांना साखर उतरली की घाम फुटतो, हात थरथरतात, त्यांचं त्यांना कळतं. ह्यांनाही कळायचं. इतकी वर्षं इंजेक्शनं घेतल्यावर ते कळणं गेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आतली घंटा बिघडली आहे, आता बाहेरची लावा.

बाहेरची लावायच्या आधी एकदा हे कापता कापता टेबलाखाली कोसळले होते. हातात मोठी कात्री. ती तळहातात शिरली. मी पुढच्या खोलीत मशीन चालवत होते, मला मशीनच्या आवाजात काही ऐकूच आलं नाही. किती वेळ पडून होते ते आजतागायत कोणाला माहीत नाही. तेव्हापासून फोन माझ्या मशीनच्या फळीवर असतो, दोऱ्याच्या रिळांशेजारी.

आम्ही पडदे शिवतो. पुढच्या खोलीत दोन मशीनी. एकीवर मी, दुसरीवर एक बाई, तिला आम्ही रेडिओ म्हणतो. सकाळी एकदा लागली की बंद करायचं बटण नाही. मागच्या खोलीत, लाकडी आडोशापलीकडे, ह्यांचं कापायचं टेबल. माझ्या जागेवरून हे दिसत नाहीत.

महिन्याच्या सुरुवातीला फोनवर एक सूचना आली. मी दुसरीपर्यंत शिकलेली, अक्षर लावून वाचते, आणि लांबलचक मजकूर असला की चष्म्याचं निमित्त करून सूनबाईकडे देते. तिने वाचून सांगितलं, साखरेचं ते अ‍ॅप महिनाअखेरीनंतर ह्या जुन्या सिस्टमवर चालणार नाही, फोनमध्ये नवीन सिस्टम टाकावी लागेल. मी म्हटलं, माझ्या मशीनला पंचवीस वर्षं झाली, तिला कोणी नवं डोकं बसवलेलं नाही. सूनबाई म्हणाली, मशीनवर बाबांचा जीव नाहीये. असं बोलते ती. मला आवडतं, पण तिला कळू देत नाही.

तरी मी तो महिना ढकलला. भीती वाटत होती, म्हणून. आज नको, उद्या बघू, करता करता शेवटचा दिवस उजाडला. सूनबाई म्हणाली, संध्याकाळी कामावरून आले की करते. पण दिवसभर वाट बघत बसणं मला जमत नाही. म्हटलं, आत्ताच लाव आणि जा, तीन पोरं वाढवली आहेत, एक फोन सांभाळता येईल. तिने सुरू करून दिलं. दारात चपला घालताना म्हणाली, “आई, सुरू झाल्यावर काही विचारलं तर रेडिओमावशींच्या फोनवरून मला विचारा. तुमचं तुम्ही काही दाबू नका.”

रेडिओच्या देखत म्हणाली. तिथेच माझं बिनसलं.

फोन काळा झाला. मधोमध एक पांढरी रेघ, मुंगीच्या चालीने पुढे सरकणारी. मी ह्यांना टेबलावरून उठवून माझ्यासमोर स्टुलावर बसवलं. दर दोन मिनिटांनी मानेच्या मागे हात लावायचा. पूर्वी, चकती नव्हती तेव्हा, मी असंच करायची. मान ओली लागली की समजायचं, उतरली. इतक्या दिवसांत हाताची ती सवय मोडली होती. आता हात लावला की कळेना, ही ओल त्यांची की माझ्याच तळव्याची.

“मी काय उतू जाणारं दूध आहे का?” हे म्हणाले.

म्हटलं, गप्प बसा, दुधाला एवढं तोंड नसतं. रेडिओ हसली. मी हसले नाही. रेघ अर्ध्यावर अडकली होती. हा बंद पडला तर नवीन कोण, कधी आणणार, तोवर ह्यांच्याकडे कोण बघणार, रात्री झोपायचं कसं, एवढं सगळं त्या अर्ध्या रेघेत माझ्या डोक्यातून गेलं.

तासाभराने फोन उजळला. सगळं बदललेलं. अक्षरं बारीक, चित्रं गोल गोल, माझं घर कोणीतरी परस्पर आवरून ठेवल्यासारखं. साखरेचं अ‍ॅप शोधून उघडलं, तर त्याने विचारायला सुरुवात केली. वर एक बटण, खाली एक बटण.

आता इथे सांगायला हवं. मागे एकदा मी बॅटरीच्या उजेडाचं कुठलंसं अ‍ॅप घेतलं होतं. ते जे विचारेल त्याला मी हो म्हणत गेले, आणि आठवडाभर फोनवर नको त्या जाहिराती नाचत होत्या. त्या वेळी सूनबाईनेच मला शिकवलं होतं, आई, काहीही परवानगी मागितली की खालचं बटण दाबायचं, खालचं म्हणजे नाही. तेव्हापासून मी फोनला काही मिळू दिलेलं नाही.

रेडिओने तिचा फोन पुढे केला, म्हणाली, विचारायचं का सूनबाईला? म्हटलं, ठेव तो, मला येतं. आणि दाबलं. खालचं. पुन्हा विचारलं, पुन्हा खालचं. चार वेळा. मग आकडा दिसला, एकशे एकतीस, बाण सरळ आडवा. म्हणजे उत्तम. मी ह्यांना म्हटलं, जा कामाला, शाळेचे तीस पडदे उद्या द्यायचेत. फोन फळीवर ठेवला. काय सांगू, छाती अशी फुगली होती की ब्लाउजचे हूक तुटतील.

त्यानंतर फोन गप्प होता. गप्प म्हणजे ठीक, हा माझा हिशेब. रेडिओची नणंद, नणंदेचं घर, घराची गळती, सगळं ऐकत मी पडद्यांच्या कडा दुमडत होते. हे कापलेले तुकडे आडोशावरून टाकायचे, मी उचलायची. दोन झाले, पाच झाले, अकरा झाले.

बाराव्याची दोन टोकं जुळवली तर जुळेनात. एक बाजू चार बोटं कमी. पुन्हा जुळवलं. तुकडा उलगडून बघितला. कड सरळ निघाली होती आणि मध्यावरून भलतीकडेच गेली होती, रस्ता चुकलेल्या माणसासारखी.

ह्यांची कात्री अडतीस वर्षांत कधी वाकडी गेली नाही. पहिला आला तो राग. तोंड उघडलंसुद्धा, काहीतरी झणझणीत बोलणार होते. मग लक्षात आलं, साखर. फोनकडे बघितलं. गप्प.

रेडिओला म्हटलं, “एक शब्द बोलू नकोस.” मशीन थांबवली. तिनेही थांबवली.

आडोशापलीकडून कात्रीचा आवाज येत होता. पण कापडातून जाणारी कात्री दाट वाजते, कर्र कर्र. ही नुसतीच वाजत होती. टक. टक. टक.

मी आत गेले. हे टेबलाशी उभे होते. डोळे उघडे. कापड खाली पडलेलं. हातातली कात्री हवेत उघडत होती, मिटत होती. मला बघून हे हसले, गिऱ्हाइकाला बघून हसतात तसं.

“या बाई. मापं आणलीत का?”

कात्रीचं टोक त्यांच्या पोटाशी होतं. ओढून घ्यावी तर ते घट्ट धरतील. हे त्यांची कात्री कोणाला देत नाहीत, मलासुद्धा नाही. ओरडावं असं वाटलं, आणि उभ्या जन्मात पहिल्यांदा मी ओरडले नाही.

म्हटलं, “आणली आहेत मास्तर. फार लांबून आले. आधी आपण दोघं पाणी घेऊ, मग दाखवते. ती कात्री जरा बाजूला ठेवा, कापडावर पाणी सांडायला नको.”

कापडावर पाणी सांडलेलं ह्यांना खपत नाही. त्यांनी कात्री ठेवली. रेडिओ माझ्या मागे साखरेचं पाणी घेऊन उभी होती, तोंडातून चकार शब्द नाही. पेला ह्यांच्या ओठाला लावला. अर्धं अंगावर सांडलं, अर्धं गेलं. दुसरा पेला. मी गिऱ्हाइकासारखं बोलत राहिले, खिडकी एवढी उंच, एवढी रुंद, रंग निळा हवा. कुठली खिडकी, कुठलं काय. हात त्यांच्या मानेवर होता, आणि मान निथळत होती.

किती वेळ गेला कोण जाणे. हे टेबलाकडे बघत राहिले, मग माझ्याकडे.

“अगं, हे कोणी कापलं असं?”

त्या ‘अगं’वर मी खाली फरशीवर बसले. रेडिओ रडायला लागली. मी तिला म्हटलं, रडू नकोस, डॉक्टरीणबाईंना फोन लाव. फळीवरचा फोन उघडला तर लाल आकडा, एकोणसाठ, बाण वर. ह्याला सगळं माहीत होतं. शेजारी बसून हा मेला गप्प राहिला होता.

रेडिओने कळवलं तशी सूनबाई पळत आली. फोन घेऊन खोलीच्या कोपऱ्यात उभी राहिली, बोटाने काहीतरी सरकवत. मग माझ्याकडे न बघता वाचलं, “या अ‍ॅपला तुम्हाला सूचना पाठवू द्यायच्या का? आई, इथे काय दाबलंत?”

“खालचं.”

“स्क्रीन बंद असताना अ‍ॅप चालू राहू द्यायचं का?”

“खालचं. चारही वेळा खालचंच.”

ती बोलली असती तर माझ्याकडे उत्तर तयार होतं, तूच शिकवलंस म्हणून. ती बोटाने सरकवतच राहिली. तेव्हा मीच म्हणाले, “तू विचार म्हणाली होतीस. मी विचारलं नाही.”

तिने फोन माझ्या हातात दिला, माझं बोट धरलं आणि एकेक करून चारही ठिकाणी वरचं बटण माझ्याकडूनच दाबून घेतलं. मग आवाज नीट येतो का बघायला घंटा वाजवली. फोन कोकलला. खाली रस्त्यावर कोणीतरी वर बघितलं असणार.

हे म्हणाले, “बंद करा गं ते, कान फुटले.”

सूनबाईने हात पुढे केला. मी फोन पदराखाली घेतला.

“वाजू दे,” म्हटलं. आणि दुसरा हात त्यांच्या मानेवर ठेवला.