मी होडी, मुक्काम पोस्ट हॉल

मी एक होडी बोलतेय. हसू नका. रबराची आहे, हवा भरून फुगवावी लागते, पण होडीच आहे. माझ्या खोक्यावर तसं मोठ्या अक्षरांत छापलंय: ‘चार जणांची होडी’. आणि एक गोष्ट आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून तुमचा हिरमोड व्हायला नको. मी आजवर एकदाही पाण्यात उतरलेले नाही.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. जाड रबरी कापडाचे तुकडे एकमेकांना चिकटवून मला घडवलं. शेवटच्या टेबलावर एक बाई बसायच्या. प्रत्येक होडीत हवा भरून, तिच्या पोटाला कान लावून, कुठे सूंऽऽ असा आवाज येतोय का ते ऐकायच्या आणि मग पाठीवर दोन थापा मारून पुढे ढकलायच्या. मला त्यांनी तीन थापा मारल्या. का, ते माहीत नाही. पण तेव्हापासून मी स्वतःला जरा विशेष समजते.

पुढची दोन वर्षं एका दुकानाच्या फळीवर गेली. खोक्यावर एक फोटो होता. आई, बाबा, वयात आलेली दोन मुलं, चौघंही माझ्यात बसलेली आणि चौघंही एकाच दिशेला बघून हसताहेत. शेजारी एक तंबू होता. तो एकदा विकला जाऊन परत आला होता, त्यामुळे त्याला माणसांचा अनुभव होता.

“असं कुटुंब नसतं गं,” तो म्हणायचा. “त्या वयाची मुलं आईबापांबरोबर हसत नाहीत. मी सांगतो ना. एक दुपार काढलीये मी त्यांच्यात.”

मला वाटायचं, हा जरा जास्तच कुजकट आहे. मग एके दिवशी बाबा आले.

बाबा लिफ्ट दुरुस्त करतात. कुठल्यातरी इमारतीत लिफ्ट मधेच अडकली की त्यांना फोन येतो, आणि ते आतल्या घाबरलेल्या माणसाला बाहेरून धीर देत, गप्पा मारत, दार उघडून काढतात. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांच्या घरची माणसं अशी बाहेर काढली. स्वतःच्या घरची दोन मात्र त्यांना खोलीतून बाहेर काढता येत नव्हती.

मोठी सतरा वर्षांची. बारावी संपवून दूरच्या शहरात, वसतिगृहात शिकायला जाणार होती. धाकटा चौदा वर्षांचा, त्याला सगळे ढब्बू म्हणतात. दोघांच्या खोल्यांची दारं कायम बंद. आई दातांच्या डॉक्टरांकडे मदतनीस आहे. तोंडात कापूस कोंबलेल्या माणसांशी गप्पा मारायची तिला सवय, त्यामुळे मुलांच्या ‘हं’, ‘अं’ आणि ‘ह्या’ यांचे अर्थ फक्त तिलाच कळायचे. ती बाबांना समजावून सांगायची, “हे ‘हं’ म्हणजे नाही. मघाचं होतं ते भूक लागल्याचं.”

बाबांनी तळ्याकाठच्या एका विश्रामगृहात चार दिवसांसाठी खोल्या घेतल्या होत्या. डोंगर, झाडी, मधोमध निळंशार तळं. जेवताना त्यांनी ही बातमी दिली, तेव्हा टाळ्या पडतील असं त्यांना वाटलं होतं.

“मी नाही येणार,” मोठी म्हणाली.

“तिथे नेटवर्क आहे?” ढब्बू म्हणाला. “आणि मला पाणी आवडत नाही.”

“अरे, तू दोन वर्षं पोहायला जातोस ना?”

“म्हणूनच. कंटाळा आलाय पाण्याचा.”

बाबा दुसऱ्याच दिवशी उठून दुकानात आले आणि मला घेऊन गेले. होडी पाहिली की पोरं आपोआप येतील, असा त्यांचा हिशेब. निघताना तंबूने माझ्याकडे असं पाहिलं, की सासरी निघालेल्या मुलीकडेही कुणी इतक्या काळजीने बघत नसेल.

शनिवारी सकाळी बाबांनी मला हॉलमध्ये पसरलं. “तिथे गेल्यावर फजिती नको, आधी तपासून बघू.” सोफा भिंतीला लावला, खुर्च्या गॅलरीत गेल्या. पायाने दाबायचा पंप होता. धप्प, धप्प, धप्प. मी फुगत गेले. दोन वर्षांनी अंगात हवा शिरली, तेव्हा काय सांगू, मी हवेतच होते! एक टोक चपलांच्या कपाटाखाली शिरलं, दुसरं स्वयंपाकघराच्या दाराला भिडलं. टीव्ही माझ्याआड गेला. तेवढ्यात आईला खोक्यात माहितीपत्रक सापडलं.

“अहो, पहिलीच ओळ आहे. ‘होडी घराबाहेर फुगवावी.’”

“काढू की हवा परत. त्यात काय!”

पण त्याआधी त्यांनी एक घोटाळा करून ठेवला होता. माझ्या झाकणापाशी किंचित हवा जात होती, म्हणून त्यांनी लिफ्टच्या कामाचा मोठा पाना आणून झाकण आवळलं. “आमच्या कामात काही ढिलं ठेवून चालत नाही,” असं म्हणत त्यांनी शेवटचा एक पीळ दिला आणि झाकणाची खुंटी कट्‌कन तुटून त्यांच्या हातात आली. आता झाकण उघडायला धरायचं कुठे? चिमटा झाला, पक्कड झाली, दात लावून झाले.

“दात लावू नका,” आई म्हणाली. “मी रोज बघते त्याचं पुढे काय होतं ते.”

मला उचलून दारातून न्यावं, तर दार अरुंद. उभी करावी, तर पंखा आडवा.

“सुई टोचून टाका,” आई म्हणाली.

माझा श्वासच अडकला. म्हणजे तो अडकलेलाच होता, पण तुम्हाला कळलं असेल.

“पाण्यात जायच्या आधीच भोक?” बाबा ओरडले. त्या क्षणापासून मी त्या माणसाची झाले. त्यांनी कंपनीला फोन लावला. झाकण उघडायची खास चावी मिळते, ती शुक्रवारपर्यंत येईल, असं उत्तर आलं. निघायचं होतं पुढच्या रविवारी. चावी येईपर्यंत माझा मुक्काम हॉलमध्येच.

दार वाजलं. खालच्या मजल्यावरच्या काकू होत्या. “वर काय कांडताय सकाळपासून?” त्यांनी आत डोकावून पाहिलं, मला पाहिलं, बाबांच्या हातातली खुंटी पाहिली आणि काही न बोलता खाली निघून गेल्या. त्या गप्प राहिल्या, असं त्या इमारतीत प्रथमच घडलं म्हणे.

मग सुरू झाला आमचा आठवडा. स्वयंपाकघरातून खोल्यांकडे जायचं तर माझ्यातूनच जावं लागायचं. चपला काढा, एक पाय आत टाका, डुलत डुलत तोल सांभाळा, पलीकडे उतरा. बाबा चहाचा कप घेऊन रोज सकाळी असे पार व्हायचे. रोज अर्धा कप मला मिळायचा.

पण खरी गंमत वेगळीच. घरातलं वायफायचं खोकं हॉलच्या कोपऱ्यात होतं आणि माझ्यामागे पार दबून गेलं होतं. खोल्यांमध्ये काही येईना. ज्याला फोन चालवायचा असेल, त्याने माझ्यातच येऊन बसायचं. सोमवारी संध्याकाळी ढब्बू आला, पाय पसरून बसला. मग मोठी आली. “सरक ना, पाय काढ तुझा.” “आधी मी आलोय.” मग आई भाजी निवडायला बसली, कारण दुसरीकडे बसायला जागाच नव्हती. बाबा कामावरून आले आणि दारातच थबकले. त्यांची दोन्ही मुलं एकाच ठिकाणी, दार नसलेल्या जागी बसली होती. ते हळूच आत आले, एखादं पाखरू उडून जाईल या भीतीने यावं तसे.

मी मनात म्हटलं, चार जणांची होडी भरली बरं का.

मंगळवारी आईने माझ्या खोक्यातलं वल्हं हातात घेतलं. “तळ्याकाठचे चार दिवस कसे घालवायचे ते आत्ता ठरवू. वल्हं ज्याच्या हातात, तोच बोलणार. बाकीचे गप्प.”

बाबांनी वल्हं घेऊन कागद उलगडला. “सकाळी सहाला उठणे. साडेसहाला टेकडी. सव्वासातला सूर्याकडे बघून फोटो...”

“बाबा, ही सहल आहे की लिफ्टची तपासणी?” ढब्बू म्हणाला.

“वल्हं माझ्याकडे आहे!”

मग ढब्बूने वल्हं ओढलं. त्याला वाटलं, काहीतरी विनोदी बोलू. पण वल्हं हातात आल्यावर सगळे खरंच गप्प झाले, आणि इतकी माणसं आपलं बोलणं ऐकायला थांबली आहेत याची त्याला सवय नव्हती. त्याचे कान लाल झाले.

“मला पोहता येत नाही,” तो म्हणाला.

“अरे, दोन वर्षं...”

“मी पायऱ्यांवर बसायचो. नळाखाली डोकं भिजवून घरी यायचो. डोकं पाण्याखाली गेलं की मला गुदमरल्यासारखं होतं. पोरं हसतात.”

बाबांनी वल्ह्याकडे हात नेला आणि मागे घेतला. वल्हं त्यांच्याकडे नव्हतं, हे किती बरं झालं!

आईने वल्हं घेतलं आणि जाहीर केलं, की सहलीला आपल्याला काडीचीही विश्रांती मिळत नाही. सगळे तिलाच विचारतात, माझा टॉवेल कुठे, माझे मोजे कुठे. “मागच्या सहलीत मी डोंगर बघितलाच नाही. फक्त बॅगा बघितल्या.” एवढं बोलून तिने वल्हं मोठीकडे दिलं.

मोठी बराच वेळ वल्ह्याच्या पात्यावरचा चिकटकागद नखाने खरवडत राहिली.

“तुम्ही दिवसातून दहा वेळा म्हणता, शेवटची सहल, शेवटची सहल,” ती म्हणाली. “काकूंनासुद्धा सांगितलंत. शेवटची काय? मी वसतिगृहात चाललेय की मरायला चाललेय?”

“अगं, तसं नाही...”

“आणि तिथे जाऊन तुम्ही सारखे माझे फोटो काढणार. मग माझ्याकडे बघत बसणार. मग मला रडू येणार. त्यापेक्षा मी घरी थांबते.”

माझ्यात एरवी सतत कुरकुर चालते. कुणी हललं की रबर कुरकुरतं. तेव्हा कुणीच हललं नाही.

बाबांनी वल्हं मागितलं नाही. त्यांनी खिशातून पेन काढलं आणि कागदाच्या वर लिहिलेलं ‘शेवटची सहल’ खोडलं. विचार करून खाली लिहिलं, ‘सहल’. मग सहा वाजताचं उठणंही खोडलं. साडेसहाची टेकडी खोडली. शेवटी कागदावर फक्त जेवण उरलं.

“हं,” मोठी म्हणाली.

बाबांनी आईकडे पाहिलं. आई म्हणाली, “हे ‘हं’ म्हणजे येते.”

मग चार दिवस चौघांत वाटून घेतले. मोठीच्या दिवशी दुपारपर्यंत कुणी कुणाला उठवायचं नाही, आणि दिवसाला फोटो एकच. आईच्या दिवशी तिला कुठल्याही वस्तूचा पत्ता विचारायचा नाही. ढब्बूच्या दिवशी काय करायचं, ते त्याने गुप्त ठेवलं, कारण त्यालाच सुचलं नव्हतं. आणि बाबांच्या दिवशी मी, फक्त मी!

शुक्रवारी चावी आली. चौघं माझ्यात बसून गप्पा मारत असतानाच बाबांनी झाकणाला चावी लावली. सावकाश उघडायचं होतं. पण सावकाश हा शब्द बाबांच्या पान्यालाही माहीत नाही आणि चावीलाही. झाकण उडून पंख्याला लागलं, आणि माझ्यातून असा काही आवाज निघाला, असा लांबलचक, निर्लज्ज, पोटातून आलेला आवाज, की मला अजूनही आठवलं की मेल्याहून मेल्यासारखं होतं. तो संपेचना. चौघं हळूहळू जमिनीवर टेकत होती. तेवढ्यात दार उघडंच आहे हे पाहून काकू आत आल्या.

“काय हो हे?” काकू म्हणाल्या.

“होडी आहे काकू,” ढब्बू म्हणाला.

“सगळ्यांचं असंच म्हणणं असतं,” काकू म्हणाल्या आणि परत गेल्या.

मोठी हसता हसता आडवी झाली. आई पोट धरून बसली. मला तेव्हा खोक्यावरचा फोटो आठवला आणि वाटलं, त्यातली माणसं हसताहेत कुठे? नुसते दात दाखवताहेत.

रविवारी आम्ही तळ्यावर पोचलो. गाडीच्या मागच्या भागात घडी होऊन पडल्या पडल्या मला पाण्याचा वास आला. आणि बाबांच्या दिवशी सकाळी, काठावर पहिला धप्प होतो न होतो, तोच विश्रामगृहाचा रखवालदार धावत आला.

“साहेब, स्वतःची होडी पाण्यात टाकायला मनाई आहे. ती पाटी बघा.”

बाबांनी पाटी वाचली. चष्मा पुसून परत वाचली. त्यांचा चेहरा माझ्यापेक्षा पडला, आणि माझ्यात तर तेव्हा हवाही नव्हती.

“पाण्यात टाकायला मनाई आहे ना?” ढब्बूने विचारलं. “हिच्यात पाणी टाकलं तर?”

रखवालदाराने डोकं खाजवलं. तसा काही नियम पाटीवर नव्हता. त्याने बागेची नळीही आणून दिली.

मला गवतावर फुगवलं आणि काठोकाठ पाण्याने भरलं. जगातल्या सगळ्या होड्या पाण्यात असतात. माझ्यात पाणी होतं. आधी मला फार अपमान वाटला. मग ढब्बू माझ्यात उतरला. गुडघाभर पाणी, आजूबाजूला हसायला पोरं नाहीत. मोठीने त्याचं नाक धरलं. “मी तीन म्हटलं की खाली. मी इथेच आहे.” पहिल्यांदा तो दोनलाच उठून उभा राहिला. दुसऱ्यांदाही. सातव्यांदा त्याचं डोकं पूर्ण खाली गेलं, माझ्या तळाला टेकलं, आणि मला त्याची धडधड ऐकू आली. तो वर आला तो ओरडतच.

“बघितलंत? कुणी मोजलं का? बाबा, मोजलं का?”

“मोजलं,” बाबा म्हणाले. त्यांनी अजिबात मोजलं नव्हतं. मग चौघंही माझ्यात घुसली. सगळ्यांचे चेहरे असे चिंब झाले होते, की कोण रडतंय आणि कोण नाही, ते कुणालाच ओळखू आलं नाही. एकट्या मला कळलं. मी नाव घेणार नाही. पण ती मोठी नव्हती.

आता त्याला तीन महिने झाले. मोठी वसतिगृहात आहे. ढब्बू खऱ्या तलावात उतरतो. मी कपाटावर घडी होऊन असते आणि माझ्या डाव्या कुशीला, तळ्याकाठच्या गवतातला काटा टोचला तिथे, एक ठिगळ आहे. पण रविवारी सकाळी बाबा मला खाली काढतात. सोफा सरकतो, खुर्च्या गॅलरीत जातात, खालून काकू काठीने छत ठोकतात. तिघं चपला काढून माझ्यात बसतात आणि मोठीला फोन लावतात.

मागच्या रविवारी बाबांनी फोन उभा करायला सोफ्याच्या हातावर ठेवला. पडद्यावर मोठी दिसली. केस विस्कटलेले, नुकतीच उठलेली.

“काय गं, जेवतेस ना नीट?” आईने सुरुवात केली.

“थांब आई,” ती म्हणाली. “मला तिथे कशाला ठेवलंय? आधी होडीत घ्या.”

सगळे सरकले. चौथी जागा झाली.

तेव्हा मंडळी, माझी एकच विनंती. दुकानाच्या फळीवर माझी एखादी बहीण दिसली, तर तिला घरी न्या. तळं जवळ नसलं तरी चालेल. फक्त झाकण हातानेच लावा.