पावती न देणारा डबा

सकाळचे पावणेआठ. मे महिना, सन २००४. इंदुरातली जुनी इंदूर वस्ती, अशोकरावांच्या घराची पुढची खोली. खोलीत माणसं तीन, वस्तू दोन. एक मी, दुसरं ते मशीन.

मी पितळेचा डबा बोलतोय. त्या सकाळचा साक्षीदार. मशीनही होतं म्हणा, पण त्याला कर्रकर्र करण्यापलीकडे काही बोलता येत नाही. मी हेव्यापोटी असं म्हणतोय, असं तुम्हाला वाटेल. वाटू द्या. हेवा आहेच.

अशोकराव कापड गिरणीच्या साचेखात्यात, जिथे माग चालत, कारकून म्हणून लागले, त्या वर्षी मला बर्तन बाजारातून आणलं. बावीस वर्षं मी त्यांच्या सायकलच्या हँडलला लटकून गिरणीत गेलो. जेवणाच्या सुट्टीत माझं झाकण उघडलं की चार जणांचे हात आत यायचे. त्यांच्या पत्नी शैलजाताईंच्या हातची लसणाची चटणी सगळ्या खात्यात प्रसिद्ध होती. तेव्हा दुसरे डबे माझा हेवा करायचे.

मग १९९२ साली एका सकाळी फाटकाला कुलूप दिसलं. देशाची दारं जगाला उघडली म्हणून पेपरांत मथळे येत होते, आणि आमचं फाटक बंद. अशोकरावांनी मला भरलेला तसाच घरी आणला. शैलजाताईंनी झाकण उघडलं, पोळ्या पाहिल्या, पाट मांडले. दोघं माझ्यातलंच जेवले.

थकलेला पगार, फंड, ग्रॅच्युइटी, सगळं आत अडकलं. घर तर चालायला हवं. मागच्या दोन खोल्या बाहेरगावच्या पाहुण्यांना द्यायच्या ठरल्या. उज्जैन, ओंकारेश्वर, महेश्वर करणारे लोक इंदुरात उतरतातच. खोल्यांना चुना लागला, गाद्या भरल्या, पण घोडं अडलं ते एकाच ठिकाणी. पैसे मागायचे कसे?

"आपल्या घरी जेवलेल्या माणसापुढे हात पसरू? मला नाही जमायचं," शैलजाताई म्हणाल्या.

"मी मागतो की," अशोकराव म्हणाले. पहिला पाहुणा निघाला तेव्हा ते ऐटीत दारापर्यंत गेले, "पुन्हा या हं," म्हणाले आणि हात हलवत परत आले.

म्हणून माझ्या झाकणाला छिन्नीने चीर पाडली. मला दाराजवळच्या स्टुलावर बसवलं. निघताना पाहुण्याने पैसे माझ्यात टाकायचे आणि तेव्हा घरातल्या कुणीही तिकडे बघायचं नाही, असा रिवाज पडला. शैलजाताई त्या वेळी पाठ फिरवून पाहुणीची ओटी भरायच्या. नारळ, तांदूळ, खण, वर रुपया.

"आई, तू भाडं घेते का वाटते?" मुलगा हृषीकेश कपाळाला हात लावायचा.

बारा वर्षं मी हे घर ओढलं. कुणी पूर्ण दिले, कुणी कमी. एका गृहस्थाने तर नुसता अंगारा टाकला. मी कुणाचं नाव फोडलं नाही.

आणि त्या वर्षी, उज्जैनच्या सिंहस्थाच्या तोंडावर, हृषीकेश तुकोगंजातल्या आपल्या ऑफिसातून येताना कार्ड घासायचं मशीन घेऊन आला. राखाडी, बुटकं, फोनच्या वायरीला बांधलेलं.

"बाबा, आजकल कोण कॅश घेऊन फिरतं? लोकांना पावती पाहिजे."

"आणि डबा?"

"राहू द्या ना भिया, शोपीस म्हणून!" बापालाही भिया, म्हणजे भाऊ, म्हणणारा पोरगा!

शैलजाताईंनी मशीनला कुंकू लावलं. धूळ बसू नये म्हणून क्रोशाचा रुमाल विणला. मला बारा वर्षांत ना कुंकू, ना रुमाल. फोनची लाइन गेली की मला आनंदाच्या उकळ्या फुटायच्या. आली की जीव जळायचा.

मेमध्ये हॉटेलं तुडुंब भरली, म्हणून नागपूरचे एक साहेब आमच्याकडे दोन रात्री उतरले. दुसऱ्या रात्री जेवताना सहज म्हणाले, "तुमच्या इथली ती बंद गिरणी आहे ना, तिची जमीन मोजायला आलोय. विक्रीला निघणार." वाढता वाढता अशोकरावांचा हात थांबला. मग त्यांनी आणखी एक पोळी वाढली. जेवत्या पाहुण्याला अडवायचं नसतं.

सकाळी साहेबांनी बॅग उचलली. मी चीर उघडी ठेवून तयार होतो.

"यात नको हो. ऑफिसला पावती लागते," साहेब म्हणाले आणि कार्ड काढलं.

अशोकरावांनी ते घासलं. मशीन कर्रकर्र करू लागलं. लाइन लागेना. आता दोघांना समोरासमोर उभं राहणं भाग होतं. माझ्यापुढे कधी कुणी असं थांबलं नव्हतं. पैसे टाकले की पाहुणा पायरीवर, यजमान पाठमोरा.

"लाइन बिझी आहे साहेब."

"लागेल, लागेल. पावती नसेल तर अकाउंट्सवाले एक पैसा देत नाहीत."

अशोकराव मशीनकडे बघत राहिले. मग मान वर केली.

"साहेब, तुम्हाला दोन रात्रींची पावती लागते. मी त्या गिरणीत बावीस वर्षं काढली. माझी कुठाय?"

साहेब घड्याळाकडे बघू लागले. शैलजाताई नारळ घेऊन आल्या होत्या. त्यांनी या वेळी पाठ फिरवली नाही.

"ते... माझ्या विभागात येत नाही," साहेब म्हणाले.

"मग कुणाच्या येतं? नाव सांगा. बारा वर्षं हेच विचारायचं राहिलं."

तेवढ्यात मशीनने पावती ओकली. साहेबांनी ती घडी करून वरच्या खिशात ठेवली आणि ते पायऱ्या उतरले. नारळ शैलजाताईंच्या हातातच राहिला.

त्या दिवशी मला मशीनचा जेवढा हेवा वाटला, तेवढा कुंकवाच्या दिवशीही वाटला नव्हता. माझा माणूस तोंड उघडून बोलला, आणि तेही त्या मशीनसमोर!

आता मी माळ्यावर आहे. कल्हई उडालीय, चीर तशीच आहे. मला खाली काढा, घासा, असं म्हणत नाही. पण तुमच्याही घरात माझ्यासारखा एखादा असेल, तर त्याच्या आडोशाला फार काळ उभे राहू नका.

गिरणीची जमीन मोजून झाली. अशोकरावांना नाव अजून कुणी सांगितलेलं नाही.