अडतीस मीटरची चूक

कुरणात नऊ हरणं होती. बारा टोकांच्या शिंगांचा एक मोठा नर, नुकती दोन सरळ शिंगं फुटलेला दीड वर्षाचा एक पोरगेला नर, चार माद्या आणि तीन पाडसं. चार माद्या आणि तीन पाडसं, म्हणजे एक मादी यंदा व्यालेली नव्हती. उन्हाळाभर स्वतःपुरतं खाऊन तिची पाठ रुंद आणि सपाट झाली होती. कुरणाच्या वरच्या अंगाला, रानाच्या कडेशी फळ्यांचं एक खोपटं होतं. त्यात चार माणसं, एक बंदूक, कॉफीचे दोन थर्मास आणि एक परवाना.

परवान्यावर पालिकेने ‘एक जनावर, कोणतंही’ असं लिहून दिलं होतं, आणि सगळ्या भानगडीचं मूळ तेच होतं. यंदाच्या मोसमातला हा शेवटचा परवाना. त्यामुळे एरवी चार दिशांना पांगणारी शिकाऱ्यांची टोळी आज एकाच खोपटात दाटीवाटीने बसली होती. आपल्या गैरहजेरीत कुणी काही ठरवू नये, एवढाच त्यामागचा हेतू.

बंदूक कुणी चालवायची ते सकाळी काड्या ओढून ठरलं होतं. काडी योरुनला लागली होती. काय मारायचं ते मात्र सगळ्यांनी मिळून ठरवायचं, ही होयदाल गावाची रीत. मतदान होयदालमध्ये कधीच होत नसे. मतदानात कुणीतरी हरतो, आणि हरलेला आणि जिंकलेला दुसऱ्या दिवशी एकाच फेरीबोटीत समोरासमोर बसतात.

योरुन चाळिशीची, डेअरीत दुधाचा स्निग्धांश तपासायची. तिला मादी हवी होती, आणि त्याचं कारण घरी खिडकीशी बसलेलं होतं. तिच्या आईने, एक्याऐंशी वर्षांच्या गुडवेगने, वसंतापासून जेवण जवळजवळ टाकलं होतं. मासा समोर ठेवला की “रबर,” म्हणायची. दुकानातलं डुकराचं मांस ठेवलं की, “हे जनावर जन्मात कधी चाललं तरी होतं का गं?” शेवटी एक दिवस म्हणाली, “आपल्या डोंगराचं हरीण आण, मग बघू.” पण ऑक्टोबरात माजावर आलेल्या नराच्या मांसाला कसा वास मारतो ते म्हातारीला पक्कं ठाऊक होतं. मागे एकदा असं मांस घरात आलं, तेव्हा तिने ते पातेल्यासकट अंगणात ठेवलं आणि शेजारचा कुत्रा त्याला वळसा घालून गेला. आज नर पडला तर म्हातारीसाठी यंदाचं हरीण संपलं.

“आपण काही शिंगांसाठी मारत नाही,” तोरलेफ कुजबुजला. तो टोळीचा म्होरक्या. “शिंगं काय उकडून खायची? मांस बघा, मांस.”

हे बोलताना त्याची दुर्बीण मोठ्या नराच्या डोक्यावरून तसूभर हलली नव्हती. तोरलेफच्या बैठकीत भिंतीवर शिंगांच्या अकरा जोड्या होत्या आणि मधोमध एक जागा मोकळी होती. गेल्या साली भिंत रंगवल्यावर त्याने ती जागा पेन्सिलीने आखून ठेवली, हे त्याच्या बायकोनेच गावभर केलं होतं.

“मांसच बघायचं तर ती मादी,” योरुन म्हणाली. “पाडस नाही तिला. चरबी केवढी धरलीय बघा.”

“तीच!” सिगब्योर्न एकदम पुढे सरकला. त्याची सफरचंदांची बाग होती. “डावा कान फाटलाय ना? दोन हिवाळे माझ्या झाडांची साल सोलतेय भवानी. तिच्या अंगावरचं निम्मं मांस माझंच आहे.”

“सूड म्हणून जनावर मारू नये, सिगब्योर्न.”

“सूड कुठला? वसुली आहे ही.”

“ती मादी एकशे साठ मीटर,” अर्नफिन म्हणाला. तो शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाला होता. त्याची कंबर त्याच्याही आधी निवृत्त झाली होती. अंतर मोजायचं नवं यंत्र त्याने डोळ्याला लावलं होतं. “मोठा नर ओढ्यापलीकडे, तीनशे दहा. पोरगा नर नव्वद.”

“इतक्या जवळ?” योरुनने दचकून विचारलं.

“बंदुकीपासून नव्हे गं. कुरणाखाली उभ्या ट्रॅक्टरपासून, हिशेब करून. ओढायचं कुणी?”

पोरग्या नरावर सगळ्यांचं जवळजवळ एकमत होत आलं होतं, कारण तो कुणालाच फारसा नको होता. पण तेवढ्यात मोठा नर मान ताणून हंबरला, ओढा ओलांडून आला, आणि पोरगा शेपूट घालून रानात पसार झाला.

“मग पाडस घेऊ या,” योरुन म्हणाली. “कोवळं असतं.”

“चोवीस किलो,” तोरलेफ म्हणाला. “चौघांत सहा-सहा. हाडं काढली की उरेल ते मांजराला.”

वारा फिरला. खोपट्यात एक उग्र वास शिरला, ओल्या घोंगडीत बोकड गुंडाळून ठेवल्यासारखा.

“आला बघा नराचा वास,” योरुन म्हणाली.

“अर्नफिनचे मोजे आहेत ते,” तोरलेफ म्हणाला.

“मी आज धुतलेले घातलेत,” अर्नफिन दुखावून म्हणाला, आणि पुन्हा यंत्र डोळ्याला लावलं. त्याचा चेहरा उजळला. “अरे! नर एकशे बावीसवर आला. उताराने अजून येतोय.” मग जरा थांबून, “तसं पाहिलं तर नरात मांस पुष्कळ असतं.”

तोरलेफने कॉफी ओतली, पहिला पेला सिगब्योर्नला दिला आणि सहज आठवल्यासारखं म्हणाला, “माझ्याकडे विजेचं कुंपण पडून आहे. चारशे मीटर तरी असेल. वापरत कुणी नाही. बागेभोवती कुणाला लावायचं असेल तर...”

सिगब्योर्न पेल्यात बघत राहिला. “सॉसेज केलं तर नराचा वास कळत नाही म्हणतात,” तो म्हणाला.

“कोण म्हणतं?” योरुनने विचारलं.

“म्हणतात.”

खाली उजेड झपाट्याने उतरत होता. दोन माद्या आपापली पाडसं घेऊन रानाकडे निघाल्या. तोरलेफने तिघांकडे आळीपाळीने पाहिलं.

“मग मांसाच्या दृष्टीने विचार केला तर नर. अर्नफिन?”

“चालेल.”

“सिगब्योर्न?”

“चालेल.”

“योरुन?”

योरुनने श्वास आत ओढत “हो” म्हटलं. फ्योर्डच्या, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या खाडीच्या, त्या काठावर श्वास आत ओढून म्हटलेल्या ‘हो’चा अर्थ ‘ऐकलं’ इतकाच होतो. पण ज्याला होकार हवा असतो त्याला तेवढा पुरतो. तोरलेफने समाधानाने मान हलवली.

तिने बंदूक फळीवर टेकवली. बंदुकीवरच्या दुर्बिणीच्या काचेत आधी नर आला. पोटाखालचा भाग चिखलाने काळा, मान सुजून दुप्पट झालेली. तो छान उभा होता, आडवा, स्थिर. तिला आईचा चेहरा आठवला, ताट हळूच पुढे सरकवतानाचा. तिने नळी किंचित डावीकडे नेली. फाटक्या कानाची मादी मान वर करून उभी होती. योरुनने अर्धा श्वास सोडला आणि चाप ओढला.

मादी दहा पावलं धावली आणि बसली. मग आडवी झाली. नर दोन उड्यांत ओढ्यापार गेला.

अर्नफिनने यंत्र खाली ठेवलं.

“पडलं,” अर्नफिन म्हणाला. “पण ते नाही.”

“योरुन,” तोरलेफ अगदी हळू म्हणाला, “आपलं ठरलं काय होतं?”

योरुनच्या तोंडाशी खरं उत्तर आलं होतं. तिने तिघांच्या चेहऱ्यांकडे पाहिलं. हे उत्तर इथून फेरीबोटीत जाणार होतं, तिथून चर्चच्या गायनवृंदात, आणि पुढच्या साली परवान्यांच्या वाटपात.

“नेम चुकला,” ती म्हणाली.

अर्नफिनने यंत्र उचललं. आधी नर उभा होता ती जागा, मग मादी. “अडतीस मीटरने,” त्याने जाहीर केलं.

गोळी मादीच्या खांद्याच्या बरोबर मागे, जिथे लागायला हवी तिथे लागली होती. ते तिघांनाही दिसत होतं.

“वारा होता,” सिगब्योर्न शेवटी म्हणाला. बाहेर बर्चचं एक पान हलत नव्हतं.

“होतं असं,” अर्नफिन म्हणाला.

तोरलेफचा चेहरा हळूहळू सैल झाला. मतभेद असता तर तो पुढची तीस वर्षं पुरला असता. चूक मात्र माफ करता येत होती, शिवाय शिकवताही येत होती. त्याने तिच्या खांद्यावर थोपटलं. “बंदूक ढिली धरतेस, पोरी. तुझ्या बापाचंही असंच होतं. सरावाला येत जा.”

“येईन,” योरुन म्हणाली.

मादी चौसष्ट किलो भरली, कातडं, डोकं आणि पाय सोडून. ती तोरलेफच्या कोठारात टांगली. दिवसांना अंशांनी गुणून चाळीस भरले की मांस मुरतं. कोठारात पाच अंश होते, म्हणून आठ दिवस. नवव्या दिवशी चार ढीग केले. वाटणी समान व्हावी म्हणून अर्नफिनने काटा आणला आणि पन्नास ग्रॅमच्या वर कुठेही फरक राहू दिला नाही. एका ढिगात एक मागची मांडी, दुसऱ्यात दुसरी, तिसऱ्यात खांदे आणि पाठ, चौथ्यात मान, बरगड्या आणि नळ्या. प्रत्येकी सोळा किलो. समता इतकी काटेकोर क्वचितच पाहायला मिळते.

मग अर्नफिन भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. तोरलेफने एकेका ढिगावर हात ठेवून “हा कुणाचा?” विचारायचं आणि अर्नफिनने न बघता नाव घ्यायचं. चौथ्या ढिगाला योरुनचं नाव आलं.

“आईसाठी मांडीचा एक तुकडा बदलून मिळेल का?” तिने विचारलं.

तिघंही कळवळले. “दिला असता गं,” तोरलेफ म्हणाला, “पण नाव निघालं ते निघालं. एकदा बदललं की रीत कुठली राहिली?”

रीत आणखी एक होती: ज्याने जनावर पाडलं त्याच्या घरी टोळीचं पहिलं जेवण. रविवारी तिघंही धुतलेले सदरे घालून हजर झाले. प्रत्येकाच्या घरी फ्रीझरमध्ये आपापला ढीग होता, आणि प्रत्येकजण ताटात योरुनच्या ढिगातली मान वाढून घेत होता. तिने ती चार तास शिजवली होती, जुनिपरची फळं, साय आणि तपकिरी चीज घालून.

गुडवेग टेबलाच्या टोकाला बसली होती. “कोणी मारलं हे?”

“योरुनने,” तोरलेफ म्हणाला. “पण खरं म्हणजे मारायचं दुसरं होतं. तिचा नेम चुकला.”

“दुसरं कुठलं?”

“तो मोठा नर. मांसासाठी.”

“ऑक्टोबरातला नर? मांसासाठी?” म्हातारीने काटा खाली ठेवला. “मग भिंतीवर काय रे, मांस टांगलंयस?”

सिगब्योर्नला ठसका लागला. अर्नफिन खिडकीबाहेर फ्योर्डचं अंतर अदमासत राहिला. तोरलेफने तिसऱ्यांदा वाढून घेतलं आणि म्हणाला, “चवीच्या दृष्टीने बोलायचं तर मान हाच उत्तम भाग. मांडी काय, कोरडीच असते.”

“मग तुझी मांडी पाठवून दे उद्या,” गुडवेग म्हणाली.

“नाव निघालं ते निघालं, गुडवेग.”

पाहुणे गेल्यावर योरुनने भांडी आवरायला घेतली. नर्सने सांगितलं होतं की आईचं ताट जेवणाआधी आणि जेवणानंतर तोलायचं. तिने ते काट्यावर ठेवलं. वाढताना त्यात दोनशे साठ ग्रॅम होते. आता अकरा होते, आणि त्यातले नऊ हाडाचे.